पन्नासच्या आत

काही झालं नाही, असं सगळे म्हणाले. सगळ्यात आधी आईच म्हणाली. रस्त्याच्या मधोमध उभी होती, पिशवीचे बंद पीळ पडून तिच्या दंडात रुतले होते आणि पिशवीतला निळ्या लोकरीचा गुंडा सुटून पार पलीकडे गेला होता. मी दारातून धावत पोचले तोवर मागून आलेल्या दुसऱ्याच एका गाडीने तो धागा चाकाला गुंडाळून नेला. वळणापर्यंत निळी रेघ दिसत होती. "काही झालं नाही ग, नुसता आरसा लागला," आई म्हणाली. आरसा म्हणजे पुढच्या गाडीचा, कडेचा. तो पिशवीला लागला, पिशवी दंडाला अडकवलेली होती आणि दंड आईचा होता, पण इतक्या खोलात कोण शिरतंय. ती गाडी तर थांबलीही नाही. वरच्या मजल्यावरच्यांनी खिडकीतून विचारलं, "लागलं नाही ना? मग झालं तर." कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. म्हण बरोबर वापरल्याचं समाधान त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मी आईला धरून घरात आणलं. तिचा दंड संध्याकाळपर्यंत काळानिळा झाला. त्यालाही काही झालं नाही असंच म्हणायचं असावं.

मला या तीन शब्दांची चीड आहे. काही होण्यासाठी नेमकं काय व्हावं लागतं ते एकदा कुणीतरी सांगावं. हाड मोडावं लागतं की माणूस जावा लागतो? आमच्या रस्त्याच्या तोंडाशी एक पाटी आहे, लाल गोलात पन्नास लिहिलेली. घरासमोरून पन्नासने जायला हरकत नाही, असं कुणीतरी खुर्चीत बसून ठरवलं. ते ठरवताना त्याने आमचा रस्ता पाहिला नसणार, कारण आमच्या रस्त्यावर पन्नासने जाऊन पोचायला काही नाहीच. टोकाला वळण आहे, वळणापलीकडे सिग्नल आहे आणि सिग्नलला सगळे मुकाट्याने उभे राहतात. घाईघाईने जाऊन उभं राहायचं, एवढ्यासाठी ही सगळी धावपळ. मी कामावर जाताना रोज बघते. जी गाडी माझ्या अंगावरून सुसाट गेलेली असते, तीच सिग्नलला भेटते, आणि आतला माणूस नाकात बोट घालून बसलेला असतो.

मी लहान होते तेव्हा हा रस्ता म्हणजे दोन खिडक्यांमधलं अंतर होतं. एक आमची, एक समोरचीची. समोरची हे तिचं नावच पडलं. आई तिला समोरची म्हणते, मी समोरची मावशी म्हणते, आणि ती मागच्या गल्लीत राहायला गेली असती तरी समोरचीच राहिली असती. या दोघी आपापल्या खिडकीत कोपर टेकून बोलायच्या. भाज्या चिरताना, केस विंचरताना, काहीच न करताना. आम्ही पोरं खाली रस्त्यात, चक्क रस्त्यात, मांड्या घालून बसलेलो असायचो आणि आमच्या डोक्यावरून दोघींचं बोलणं इकडून तिकडे जायचं. कुणाची तरी कागाळी निघाली की दोघी आवाज खाली आणायच्या, आणि तरी पलीकडे ऐकू जायचं. आम्हालाही जायचं. निम्म्या गल्लीच्या भानगडी मला अशाच कळल्या. समोरचीचा मुलगा तेव्हाही आमच्यात खेळायचा नाही, तो बाजूला उभा राहून कोण बाद झालं ते सांगायचा. म्हणून त्याचं नाव अध्यक्ष पडलं. पुढे तो इंजिनिअर झाला, लग्न झालं, केस गेले, नाव तेच राहिलं. आता तर तो गल्लीच्या समितीचा खरोखरच अध्यक्ष आहे.

मग पलीकडचा मोठा रस्ता तुंबायला लागला आणि आमचा रस्ता जवळची वाट म्हणून लोकांना सापडला. आधी खिडक्या लावून घ्याव्या लागल्या. काचेतून हातवारे करून किती दिवस बोलणार? मग बोलायचं तर रस्ता ओलांडून जायचं असं झालं. समोरचीचे गुडघे गेलेले, जिना उतरणं तिला जमत नाही, म्हणून आईच जायची. रोज दुपारी, पिशवी दंडाला अडकवून. समोरची विणते, आई लोकर गुंडाळून देते. विणलेलं कोण घालतं हा प्रश्न आमच्या घरी विचारायचा नसतो. खरं तर लोकर हे निमित्त. एकीने सुरुवात करायची, दुसरीने शेवट करायचा आणि मधलं दोघींनी गाळायचं, असं त्यांचं बोलणं असतं. आईला दुसरं कुणी नाही असं नाही, मी आहे. पण मी आहे म्हणजे संध्याकाळी थकून आलेली मी आहे. तिची दुपार समोर होती.

माझं काम कानांचं. ऐकू कमी येणाऱ्यांना मी मशीन लावून देते. बंद खोलीत बसवून आवाज ऐकवायचे, कानात मऊ लगदा भरून साचा घ्यायचा, मग कॉम्प्युटरला जोडून एकेक सूर वरखाली करायचा. तक्ता काय म्हणतो त्याप्रमाणे मशीन लावलं तर तासाभराचं काम, पण नुसत्या तक्त्यावर लावलेलं मशीन लोक महिन्याभरात कपाटात टाकतात. म्हणून मी प्रत्येकाला आधी विचारते, तुम्हाला कुणाचा आवाज ऐकायचाय? मग त्या माणसाला घेऊन या म्हणते. त्याला समोर बसवते, बोलायला लावते आणि त्या आवाजावर मशीन बेतते. कुणी नातीला आणतं, कुणी बायकोला. एक आजोबा म्हणाले, बायकोचा सोडून कुणाचाही चालेल, आणि दुसऱ्या दिवशी बायकोलाच घेऊन आले. आईला मी हाच प्रश्न विचारला, तेव्हा उत्तर मला ठाऊक आहे असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "समोरचीचा." मला बोचलं. का नाही बोचणार? पण मी समोर गेले, समोरचीच्याच बैठकीत कॉम्प्युटर मांडला, तिला बोलतं केलं आणि आईच्या कानात तो मऊ, थोडा फाटका आवाज बसेपर्यंत तास दोन तास खपले. अध्यक्ष मधून मधून चहा आणून देत होता आणि हे कसं चालतं, ते कसं चालतं विचारत होता. त्या घरातले आवाज आईला माझ्या आवाजापेक्षा स्वच्छ ऐकू यायला लागले. माझ्या हातचं इतकं चांगलं काम दुसरं नाही.

आरसा लागला त्या दिवसापासून आईने मशीन काढून डबीत ठेवलं आणि डबी खणात. समोर जाणंही बंद. मी विचारलं तर म्हणाली, गाड्यांचा फार कलकलाट होतो कानात. पटण्यासारखं होतं. मी मशीन कामावर नेलं, गाड्यांची घरघर असते तो पट्टा खाली आणला, घरी येऊन तिला लावून बघितलं. "बरं आहे," म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी परत डबीत. मी पुन्हा नेलं. आता कर्कश भाग बोथट केला. पुन्हा "बरं आहे", पुन्हा डबी. त्या पन्नासवाल्यांनी आईची भीती माझ्या कामात आणून ठेवली, असं मला वाटायचं आणि अंगाचा तिळपापड व्हायचा. कामावर एखादा म्हणाला, बाई, रस्त्यावर फार आवाज येतो मशीनमधून, तर मी त्याच्यावरच खेकसायची, मशीन काय करणार, रस्त्याला सांगा. दुपारी आई खिडकीत बसायची. पलीकडच्या खिडकीत समोरची यायची, हात वर करायची, ये म्हणून खूण करायची. आई पण हात वर करायची. मग काहीतरी शोधायचं निमित्त करून उठायची. घरात आम्ही ओरडून बोलायला लागलो. ओरडून फक्त जेवणाबद्दल बोलता येतं.

अध्यक्ष त्याच दिवशी संध्याकाळी आला होता, अर्ज टाईप करून. रस्त्याची मर्यादा पन्नासवरून तीसवर आणावी, असा अर्ज. "ऐकलं ते. मावशींना लागता लागता राहिलं. ताई, आता गप्प बसायचं नाही," म्हणाला. मला भरून आलं. म्हटलं, चला, निदान एकाला तरी चाड आहे. त्याने अर्ज आईपुढे धरला. आईने चष्मा लावला, अर्ज वाचला नाही, त्याच्याकडेच बघत राहिली आणि सही केली. "बसतोस का?" असंही म्हणाली नाही, आणि आई तर मीटर बघायला आलेल्या माणसालाही बसवते. मी मनात म्हटलं, धक्क्यातून सावरली नाही अजून. अध्यक्षाने सगळ्या गल्लीच्या सह्या आणल्या, खेटे घातले, रस्ते खात्याच्या साहेबांना भंडावून सोडलं. मनापासून करत होता, हे आजही मी नाकारत नाही.

शेवटी खात्याची माणसं आली आणि त्यांनी रस्त्यावर दोन काळ्या रबरी नळ्या आडव्या ठोकल्या. गाडी वरून गेली की वेग मोजायचा, असं ते यंत्र. आता इथे आमच्या गल्लीने जे केलं ते दुसऱ्या कुणाच्या बापाला सुचणार नाही. तपासनीस येणार म्हटल्यावर शाळेतली पोरं जशी हाताची घडी घालून बसतात, तसं अख्ख्या गल्लीने केलं. मोजणी आहे, रस्त्याची अब्रू जपा, असा अध्यक्षाने सगळ्यांच्या फोनवर निरोप धाडला आणि सगळ्यांनी ती जपली. जे एरवी पायरीवरून उतरल्या उतरल्या भरधाव सुटायचे, ते नवरी घेऊन निघाल्यासारखे जाऊ लागले. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त गृहस्थांना तर चालत जाणारे मागे टाकत होते. अध्यक्ष स्वतः गोगलगाईसारखा जायचा, वर खिडकीतून हात काढून मागच्यांना दम धरायला सांगायचा. बाहेरचे घाईवाले आमच्या या सभ्य मिरवणुकीच्या मागे अडकायचे, त्यांचाही वेग मरायचा. आणि या सगळ्याचं आम्हाला कौतुक. बघा, मनात आणलं तर आपली गल्ली किती चांगली आहे. मीसुद्धा कौतुक करणाऱ्यांत होते. ज्या रोगासाठी डॉक्टरला बोलावलं, तो डॉक्टर येताच पांघरुणाखाली लपवून आम्ही सगळे ठणठणीत बसलो होतो. नळ्या काढून नेल्या त्याच दुपारी गाड्या पुन्हा सुसाट सुरू झाल्या.

निकाल सांगायला साहेब समोरचीच्या बैठकीत आले. चांगला, नीटनेटका माणूस, आवाज न चढवणारा. अशा माणसांशी भांडणं फार कठीण असतं. म्हणाले, तुमच्या रस्त्यावर वाहनं सरासरी तीसच्याही आत चालतात, पन्नास ओलांडणारं कुणी नाहीच म्हणा ना, अभिनंदन. मग तीसची पाटी कशाला? दोन-तीन जणांनी खरंच टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, साहेब, लोक मुद्दाम हळू गेले. ते म्हणाले, म्हणजे जाऊ शकतात, छानच आहे. मी म्हटलं, माझ्या आईला गाडीने उडवलं. त्यांनी वही काढली. "दवाखान्यात न्यावं लागलं?" नाही. "कोणती गाडी?" मला ठाऊक नव्हतं. अध्यक्ष माझ्या शेजारी उभा होता, तो म्हणाला, "अज्ञात वाहन, साहेब." साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "तसं मग काही झालं नाही म्हणायचं. एखादी नोंद झालेली घटना असती, कुणी जबाबदारीने सांगितलं असतं, तर मलाही वर काही मांडता आलं असतं. तसं काही कळलं तर फोन करा, मी टेबलावरच असतो." सगळ्यांना फोन नंबर देऊन, चहा घेऊन गेले. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून समोरचीने मला जवळ बोलावलं, माझा हात धरला. "ती का येत नाही ग? माझं काही चुकलं का?" गाड्यांना घाबरते, मी म्हटलं. "ती आणि घाबरणार?" समोरची म्हणाली. तिचा विश्वास बसला नाही.

मी घरी आले ती तणतणतच. पायातल्या चपला भिरकावल्या. साहेबांचा उद्धार केला, गल्लीचा केला, टाळ्या वाजवणाऱ्यांचा नावं घेऊन केला. आईला मशीनशिवाय काय कळत होतं कुणास ठाऊक. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी दमून गप्प झाल्यावर तिने खणातून डबी काढली, दोन्ही कानांत मशीनं घातली आणि म्हणाली, "आता सांग. तो होता तिथे?"

"कोण तो?"

"अध्यक्ष. काही बोलला?"

मी म्हटलं, अज्ञात वाहन म्हणाला. आई हसली. तसं हसताना मी तिला फार कमी वेळा पाहिलंय आणि मला ते आवडत नाही. म्हणाली, "त्याचीच गाडी होती ग. मला लागल्यावर काच खाली करून ओरडला, 'मावशी, जरा बघून.' आणि गेला." मी म्हटलं, तुला भास झाला असेल. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "भास कसा होईल? तू मशीन चांगलं लावलंयस. एकेक शब्द ऐकू आला."

मी रिकामी डबी हातात घेऊन तिथेच बसले. गाड्यांची घरघर म्हणून मी कितीदा ते मशीन उघडलं होतं, कुठले कुठले सूर कापले होते, आणि तिला नको होता तो एक आवाज, त्याच घरात बसून मी तिच्या कानात बेतलेला. बसल्या जागी माझ्या डोक्यात एकेक दिवा लागत गेला. तो संध्याकाळी अर्ज घेऊन आला. आईच्या डोळ्यांना डोळा भिडवून सही घेतली. मावशींना लागता लागता राहिलं म्हणाला, आणि दंडावरचा डाग तेव्हा तिच्या बाहीखालीच होता. मी उठले आणि म्हटलं, मी आत्ता जाऊन त्याचा तो आरसा मोडून हातात देते. आईने माझा पदर धरावा तसा ओढणीचा शेव धरला. "काही करायचं नाहीस. समोरचीला कळलं तर ती मान वर करून माझ्याशी बोलणार नाही. त्याच्या घरात राहते ती, त्याच्या हातचं खाते. तिला दुसरं कोण आहे?" आणि थोड्या वेळाने, "मी गेले तर दार तो उघडणार. या मावशी म्हणणार. मी काय म्हणू, हे मला सुचत नाही म्हणून मी जात नाही. तुला वाटतं तशी घाबरत बिबरत नाही मी."

आता यात कुणी कुणाची लाज राखायची ते बघा. करणारा करून मोकळा, वर अध्यक्ष. आणि लाजेने घरात कोंडून घेतलंय ते हिने. एक समोर बसून स्वतःचं काय चुकलं ते शोधतेय. दुसऱ्या दिवशी दुपारी कामावरून उठून घरी आले, आईला म्हटलं, पिशवी घे, चल. ती नको म्हणेल असं वाटलं होतं. तिने नवा गुंडा पिशवीत टाकला, कानांवरून एकदा बोट फिरवलं आणि चपला घातल्या.

आम्ही आईच्या पावलांनी रस्ता ओलांडला. तिच्या पावलांनी ओलांडल्याशिवाय कळत नाही गाड्यांनी तो रस्ता केवढा रुंद केलाय ते. मधोमध पोचलो तोवर एका गाडीला करकचून थांबावं लागलं, तिच्या मागे दुसरी लागली आणि दोघांनी मिळून हॉर्नचा गोंधळ घातला. मी कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले. पहिल्याने काच खाली करून विचारलं, "बाई, रस्ता विकत घेतलाय का?" मी म्हटलं, "तुम्ही घेतलाय का?" आई एव्हाना पलीकडे पोचली होती.

दार अध्यक्षानेच उघडलं. घरूनच काम करतो तो, गळ्यात हेडफोन. "अरे वा, या मावशी. किती दिवसांनी. आवाज द्यायचा, मी आलो असतो ना आणायला."

"तू दिला होतास की आवाज," आई म्हणाली. अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तशी. "जरा बघून, म्हणालास. ऐकला मी. हिने मशीन छान लावलंय." आतून समोरचीने विचारलं कोण आलंय, तर आई म्हणाली, "मी ग मी, दुसरं कोण येणार तुझ्याकडे," आणि त्याच्या बाजूने आत गेली.

त्याच्या कपाळावर, जिथे पूर्वी केस होते तिथे, घाम आला होता. "ताई, मी थांबणारच होतो. मागे गाडी होती. सिग्नल सुटेल म्हणून…" सिग्नल. माझ्या आईचा दंड त्या सिग्नलपायी काळानिळा झाला होता, आणि त्या वेळी तिथे हा पुढच्या गाडीमागे नाकात बोट घालून उभा असणार. मग तो म्हणाला, "आणि खरं सांगतो, मी वेगात नव्हतो. आईशपथ. पन्नासच्या आत होतो. नियमात होतो, ताई."

कित्येक दिवस मी जो राग घरात, कामावर, रस्त्यावर ज्याच्या त्याच्यावर सांडत फिरत होते, त्याला एकदम जागा सापडली. "हेच सांग," मी म्हटलं.

"कुणाला?"

"साहेबांना. फोन लाव. अज्ञात वाहन नव्हतं म्हणावं. गाडी माझी होती, बाई माझ्या ओळखीची होती, लहानपणी तिने मला भरवलंय, आणि तिला लागलं तेव्हा मी पन्नासच्या आत होतो म्हणावं. शेवटचं नीट सांग. तेच त्यांना कळत नाहीये."

"आईला कळेल, ताई."

"माझी आई सांगणार नाही. सांगायचं असतं तर एवढे दिवस घरात बसली नसती." मी दारातून हलले नाही. त्याने खिशातून फोन काढला. मग आत ऐकू जाऊ नये म्हणून पायरीवर आला, दार मागे ओढून घेतलं आणि नंबर लावला. साहेब खरंच टेबलावर होते. हा हळू आवाजात सांगायला लागला, त्या दिवशीची गाडी, आमच्या रस्त्यावरची, आणि समोरून एक गाडी सणसणत गेली. "हॅलो? ऐकू आलं का, साहेब?" आलं नव्हतं. त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा एक गेली. तिसऱ्यांदा त्याने फोन तोंडाशी घट्ट धरला, एक कान बोटाने बंद केला आणि ओरडून म्हणाला, "गाडी माझी होती म्हणतोय. मावशींना लागलं ती. माझीच."

आतलं बोलणं थांबलं. दार लोटलेलं होतं, पण बैठकीची खिडकी उघडी होती. किती दिवसांनी त्या घरातली खिडकी मी उघडी बघत होते कुणास ठाऊक. आई रस्ता ओलांडताना दिसावी म्हणून समोरचीने उघडली असेल. तो फोनवर पन्नासच्या आत, पन्नासच्या आत असं दोनदा म्हणाला. आणि आतून समोरचीचा तो मऊ, फाटका आवाज आला, "काय झालं होतं ग तुला?"

आता आई ते तीन शब्द म्हणणार. तिला सवय होती आणि कारणही होतं.

"झालं होतं," आई म्हणाली. "ये, जवळ सरक. सांगते."